चुकलेलं घर

स्वेटर म्हणून तो आमच्याकडे आठच दिवस होता.
बहात्तरचा मार्च. मुरारचं क्वार्टर, पत्र्याची ट्रंक.
बाबांनी गणवेशाखालून तो काढला, कॉटवर ठेवला
आणि आंघोळीला गेले.

अक्रोडी रंग, बिनबाह्यांचा.
गळ्याच्या आत शिवलेली पट्टी, तिच्यावर उर्दूत काहीतरी आणि एक नंबर.
डाव्या कुशीची एक जागा आईनं तीनदा धुतली.
मी विचारलं, काय सांडलं होतं?
आई म्हणाली, चहा.

मग तिनं तो उसवला.
लोकर नागमोडी निघाली,
जुन्या विणीची सवय तिला सुटेना.
किटलीच्या वाफेवर धरून धरून आईनं ती सरळ केली.
पुढच्या हिवाळ्यात मी ती अंगात घालून शाळेत गेले.

विणकामात टाक्याला घर म्हणतात.
उसवताना आईला गळ्यापाशी एक घर चुकलेलं सापडलं होतं,
सुलटाच्या जागी उलट.
"ही बाई घाईत होती," ती म्हणाली,
"मुलाची गाडी सुटायची असेल."
माझ्या स्वेटरलाही तिनं तेच घर चुकवलं, मोजून.
शिवणाच्या बाईंनी चूक दाखवली, मी रडत घरी आले.
"राहू दे," आई म्हणाली. "ती त्यांची आहे."

मी वाढले. लोकर वाढली नाही.
तिसऱ्यांदा विणली तेव्हा तिचा मफलर झाला,
बाबांच्या गळ्यात अठ्ठावीस हिवाळे,
पहाटे दुधाच्या रांगेत, बाड्यावर पेन्शनीला जाताना.
एकदाच विचारलं, कुठून आणला होता?
"थंडी होती," बाबा म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले,
"त्याला लागणार नव्हता."

आता दोघंही नाहीत.
दादा म्हणतो, रेजिमेंटच्या म्युझियमला देऊ,
काचेत ठेवतील, खाली बाबांचं नाव.
मी म्हणते, परत करू.
"कुणाला? कालिंदीमावशीचा भाऊ गेला तो गेला,
साधं बटण तरी आलं का तिकडून?"
याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही.
म्हणून मावशीलाच विचारायला गेले, जनकगंजात.
ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली.
"बटण आलं असतं तर कदाचित चुलीत टाकलं असतं मी," म्हणाली.
"पण आलं असतं, तर टाकलं असतं ना."

पट्टी आईच्या बटणांच्या डब्यात मिळाली.
दौलतगंजच्या इनायत टेलरनं चष्मा पुसून वाचली,
"मुश्ताक लिखा है, बहनजी. आगे का धुल गया."
तीनदा धुतलं होतं आईनं.
नंबर तेवढा शाबूत.

पत्र मनात लिहिते, खोडते.
हा तो स्वेटर आहे, पण तो स्वेटर नाही.
तुमच्या आईच्या हातचं यात काहीच उरलं नाही,
एका टोकाशी एक घर चुकलंय,
तेवढं ओळखा.
आणि माझं लहानपण यातच ऊबेत गेलं,
हे लिहू की नको?

परवा पारा तीनवर आला.
दादा थाटीपूरहून खोकत खोकत आला,
खुंटीवरचा मफलर त्यानं न बघताच गळ्याला गुंडाळला.
मी बघत राहिले.
"काय गं?"
काही नाही. थंडी आहे.

जाताना त्यानं तो काढला, घडी घातली,
त्याला घडी घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.
मी रिठ्याच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला.
शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, आई म्हणायची.
पाव किलो गजक आणून ठेवलीय.
कापडी पाकिटावर नंबर लिहिलाय,
त्याखाली मुश्ताक,
त्यापुढे जागा सोडलीय.