दहावी पिन

सांगलीत बोलिंग म्हटलं की लोक विचारतात,
फास्ट का स्पिन.
मी समजावणं सोडून दिलंय.

मार्केट यार्डाच्या मागं, हळदीच्या जुन्या गोदामावर
पत्र्याखाली चार लेन आहेत.
तिसरी पावसाळ्यात फुगते,
आणि एसी लावला की सगळीकडं
शिजवलेल्या हळदीचा वास सुटतो.
बाहेरगावची पोरं नाक धरतात. आम्हाला तो येतच नाही.

आज इथंच फायनल, एकवीस वर्षांखालची.
मला एकवीस लागायला अकरा दिवस आहेत.
म्हणजे जिंकले काय नि हरले काय,
अकरा दिवसांनी या यादीत माझं नाव बसत नाही.

पुण्याच्या पोरीचा बॉल तिचा स्वतःचा,
तिच्याच अंगठ्याच्या मापानं भोकं पाडलेला,
चाकांच्या पिशवीतून आला.
माझा इथलाच. निळा, बारा नंबरचा.
गावातल्या निम्म्या वाढदिवसांची
केकाची बोटं त्याच्यात जाऊन आलीत.
बूटही इथलेच, टाचेवर सहा लिहिलेले,
आत कुणाचा तरी पाय राहून गेलेला.

बाबा तोलार.
पहिल्यांदा आले तेव्हा बॉल दोन्ही हातांनी उचलून म्हणाले,
"साडेपाच किलो भरंल,"
आणि खुर्ची असून उभेच राहिले.
त्यांनीच कधीतरी सांगितलेलं,
पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर कापड.
भाव तोंडानं कुणी काढायचाच नाही.
तीन बोटं बॉलच्या अंधारात घालताना
मला दर वेळी वाटतं
आत कुणीतरी बसलंय
आणि मी विचारतेय, कितीला?

दहावी फ्रेम. पहिला टाकला.
पोतं उसवावं तसा आवाज झाला,
नऊ पडल्या.
उजव्या कोपऱ्यातली डुलली, डुलली,
आणि भांडण ऐकायला आलेल्या शेजारणीसारखी
पुन्हा दारात उभी.

तेवढ्यात मशीननं मान टाकली.
उरलेली ती एकच पिन वर नेली आणि सोडेना.
यासीनमामा मुलाणी कपाळाला बॅटरी बांधून
मागच्या फटीतून पोटावर सरकत गेले.
त्यांचा फक्त हात दिसत होता,
ग्रीसनं काळा,
पिनेला मानगुटीला धरून ठेवणारा.
"बघ गं त्रिशला, हाय का जाग्यावर?"

नव्हती.
चार बोटं आत होती,
गटरपासून लांब,
माझ्या बॉलच्या नेहमीच्या वाटेवर.
पंच पाणी पीत होते.
पुण्याची पोर अंगठ्याची चिकटपट्टी सोलत होती.
मामांना ते ठाऊक होतं का,
मी अजून विचारलेलं नाही.

"मामा, जरा कडंला."
हात थांबला.
"अजून?"
"अजून."

मग टाकला.
बॉल आणि पिन यांच्यामधून
फार तर पावतीचा कागद गेला असता.
गटरातून बॉल जातो तो आवाज लांबत जातो,
संपला असं वाटतं, आणि अजून चालूच असतो.

चार गुणांनी हरले.
फोटोत मी दुसऱ्या पायरीवर आहे, डोळे मिटलेले.

खाली, टेम्पोच्या आडोशाला
बाबांनी माझा सुजलेला अंगठा बघितला,
काही बोलले नाहीत.
खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला,
आणि टॉवेलाखाली माझी बोटं दाबली,
आधी दोन, मग सगळी, मग पुन्हा एकच.
मला ती भाषा येत नाही.
मी मान हलवली, सौदा पटल्यासारखी.

बूट द्यायला वर गेले तर
यासीनमामा एकेका जोडीत पावडर मारत बसलेले.
न बघताच म्हणाले,
"सोमवारी ये लवकर.
तिसरी लेन घासायची हाय."