पहिलटकर

वीबेने जोडी दिली ती बुटांच्या खोक्यात.
झाकणाला सुईने पाडलेली भोकं, आत दोघांची धुसफूस.
"हे दोघे पहिलटकर," तो म्हणाला, "आणि तूही.
एकमेकांना सांभाळून घ्या."

हार्लिंगनच्या धक्क्यावर मी बेटांच्या बोटीची तिकिटं तपासते.
घरी पोचेतो अंधार.
पिंजरा आतल्या भिंतीला लावला, छातीइतक्या उंचीवर,
दिव्याला घड्याळ जोडलं, चौदा तास उजेड.
वीबेने सांगितलं ते सगळं केलं.
त्याने सांगितलं नव्हतं, तेही केलं.

नराचे गाल संत्र्याच्या सालीचे,
आवाज पत्र्याच्या पिपाणीचा.
नारळाचा काथ्या मी मुठीमुठीने टाकत गेले,
तो चोचीचोचीने नेत गेला.
मादी आत बसून लावायची, उपसायची, पुन्हा लावायची.
मला वाटलं, बांधू दे. हौसेला मोल नसतं.

पहिलं अंडं तिने वाळूत घातलं,
चालता चालता हातातलं काही पडावं तसं.
दुसरं पाण्याच्या वाटीत.
पुढची चार घरट्यात, पांढरी, शेंगदाण्याएवढी.
आणि नर काथ्या आणतच राहिला.

तिसऱ्या रविवारी मी झाकण उघडलं.
काथ्याचा थर, खाली दोन गार अंडी,
वर पुन्हा थर, पुन्हा दोन,
त्यावर आणखी एक थर,
आणि सगळ्यांत वर मादी,
नुसता काथ्या उबवत,
माझ्याकडे बघत, अगदी मन लावून.

वादळात अख्खी बोट ओकत असते
तेव्हा मी मधोमध उभी राहून पाव खाते.
त्या दिवशी मात्र वीबेला फोन करताना आवाज फुटेना.

तो सायकलवरून आला. बोट घालून चाचपलं त्याने.
"त्याची काय चूक?
समोर काथ्या दिसतो तोवर तो बांधणारच.
अंडं पडलं की सामान बंद कर.
काम संपलं, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं."

मग चहा गार करत म्हणाला,
"आमच्या पहिल्या वेळी मी पाळणा रंगवला.
घासला, पुन्हा रंगवला.
स्यॉउक्या पलंगावरून ओरडली,
ब्रश ठेव आणि इथे येऊन बस.
पोरगी तीन आठवडे कपाटाच्या खणात झोपली,
रंग वाळेचना."

जानेवारीत दुसरी वीण.
दुसऱ्या अंड्याला मी काथ्याची शेवटची काडीसुद्धा उचलली.
नर भांबावला. राळ्याचं टरफल नेलं,
स्वतःचंच गळलेलं पीस नेलं,
तारेतून चोच काढून माझ्या स्वेटरच्या बाहीचा धागा ओढला.
चौथ्या दिवशी मुकाट्याने आत जाऊन बसला.

सहाव्या दिवशी टॉर्च, एकदाच:
अंड्याच्या आत तांबडे दोरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे.
त्यानंतर हात खिशात.
किनाऱ्यावरून समुद्रफेण आणलं,
उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करलं,
ताटली ठेवली की पाठ फिरवायची.
हात खिशात ठेवणं हे मोठं काम आहे.
मला ते जमत नव्हतं.

तेराव्या रात्री उशिरा आले तर खोलीत
काडेपेटी हलवल्यासारखं काहीतरी.

सकाळी एक पिल्लू वाळूत.
चमच्याने उचललं, परत ठेवलं.
दुपारी पुन्हा वाळूत.
या वेळी चमच्यात त्याचं वजनच लागलं नाही.
कुंडीतल्या मातीत बोटभर खड्डा पुरला.

वीबे म्हणाला, "किती राहिली?"
"तीन."
"मग तिघांकडे बघ. लांबून."

लांबूनच पाहिलं.
उघडी गुलाबी मान, पिशवीत साठलेले राळे
कातडीतून एकेक मोजता येत होते.
मादी भरवायची, थांबायची,
आपण हे केलं का, अशी मान वाकडी करायची.

आता तिघं दांडीवर बसतात, शेपट्या अर्ध्याच,
उतरताना एकमेकांवर पडतात.
घरटं काढून धुऊन टाकलंय.
आईला दम घेऊ दे, सहा आठवडे तरी,
असं वीबेने बजावलंय.
नराला ते मान्य नाही.
तारेशी येऊन बाहीकडे बघतो.

बाही दिली नाही.
एक धागा दिला.