घसारा

भरूचा साहेबांनी निवृत्तीच्या संध्याकाळी
बॅग माझ्या टेबलाला टेकवून ठेवली.
म्हणाले, तू खेळ.
मी सागरी विम्यातली सर्व्हेअर. गंजलेल्या कॉइल,
भिजलेली साखर, कशाचा किती घसारा धरायचा,
एवढंच येत होतं मला.

साहेब सहा फूट.
मी पाच फूट एक, तेही चपला घालून.
त्यांच्या आयर्न घडीव, लोण्याच्या सुरीसारख्या पातळ,
दांडे खळ घातलेल्या कॉलरसारखे ताठ.

अकरा महिने मी चेंबूरच्या हिरवळीवर
त्यांच्याशी भांडले.
सकाळी सहाला, रिफायनरीची ज्योत अजून पिवळी,
बगळे आधीच येऊन बसलेले,
आणि सात नंबर माझ्या तळव्यात
कोपरापर्यंत झिणझिण्या पेरायची.
चेंडू डावीकडे. पुन्हा डावीकडे.
एकशे अडतीस. एकशे एकोणतीस. फेब्रुवारीत एकशे तेरा,
आणि मग गाडी तिथेच रुतली.

मुरुगेश, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा,
एकदाच बोलला: मॅडम, सायबाची स्टिक सायबाला.
मी म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं.
आमच्या घरात ही म्हण फार स्वस्त होती,
जेवणाबरोबर मिळायची.

लोअर परळच्या दुकानात
पडद्यावर माझा वेग उमटला: ताशी एकसष्ट मैल.
विकणारा मुलगा इतका नम्रपणे गप्प झाला
की मीच त्याला विचारलं, चहा घेतोस का?
किंमत एक लाख बारा हजार. चहा वेगळा.

मग गावठाणात, क्रुसामागच्या ओसरीवर, लॅन्सी परेरा.
त्यानं साहेबांच्या सात नंबरच्या तळाला चिकटपट्टी लावली,
फळीवरून मारायला लावलं,
आणि पट्टीवरचा ओरखडा दाखवला, पार टाचेकडे.
"दोन अंश," म्हणाला.
"आंगन खराच वाकरा हाय, बाय."

मी ओसरीच्या पायरीवर बसले जरा.

त्यानं कोपऱ्यातून एक संच काढला. वापरलेला.
ओतीव. पाठ पोकळ, तळ जाड,
वजन सगळं कडेकडेला वाटून दिलेलं,
दांडे हलके, हात लावला तर किंचित लवणारे.
दिसायला भाजीवाल्याच्या मापासारखा.
सहापासून पुढे. "चार नि पाच तुला कशाला?
त्या तुज्यानं उरनार नाय."
बावीस हजार. मी अठरा म्हटलं. वीसला तुटलं.

सवयीनं साहेबांच्या आयर्न उजेडात धरल्या.
सात नंबरच्या तोंडावर, बरोबर मधोमध,
आठ आण्याएवढा डाग झिजून गुळगुळीत:
त्यांची तीस वर्षं, एकाच जागी.
आणि त्याच्या भोवती, टोकाला, मानेपाशी, कडेला
सगळीकडे विखुरलेले माझे ओरखडे.
एकही आत नाही.
नाही, एक होता. अगदी काठाला शिवलेला.
कुठल्या सकाळचा, आठवेना.

दुसऱ्या दिवशी चौथ्या होलवर नवी सात काढली.
बसला नाही नीट. मला कळलं, मुरुगेशलाही कळलं.
तरी चेंडू उठला, सरळ गेला,
वाळूच्या अलीकडे मुकाट थांबला.
हातात काहीच आलं नाही. झिणझिणीसुद्धा नाही.

"चूक झाली मॅडम," मुरुगेश म्हणाला,
"पण ह्यानं कुणाला सांगितलं नाही."

एकशे सहा आले त्या दिवशी.
घरी येऊन दोन्ही सात भिंतीशी उभ्या केल्या.
एक चुगलखोर, एक पदराखाली झाकणारी.
लॅन्सी विचारत होता, जुना संच देतेस का, अकरा हजार.
एक कमी असेल तर कोणी घेणार नाही, हेही म्हणाला.

अजून कळवलं नाही त्याला.
रविवारी बादलीभर चेंडूंतले शेवटचे दहा
मी साहेबांच्या सातनंच मारते.
तिचेही दोन अंश लॅन्सीकडून वाकवून आणलेत.
आता डावीकडे गेला
तर तो माझाच.