शनिवारसाठी खेळ निवडताना

समुद्र काठाकाठाने गोठलाय. बोट येईल ती मंगळवारी.
एस्टोनियाच्या नकाशात आमचं बेट
म्हणजे पेन झटकताना उडालेला शिंतोडा.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
कपाटाचं फुगलेलं दार गुडघ्याने ढकलून
मी एकेक खोका खाली काढते.

शनिवारी सगळे येणार.
सगळे म्हणजे एकतीस माणसं आणि हेल्गीचा कुत्रा.
सर्वांत धाकटी केर्तू, सहा वर्षांची;
दोनच अक्षरं ओळखते, दोन्ही स्वतःच्या नावातली.
सर्वांत थोरले आडोआजोबा, एकोणनव्वद.
बाकीचे मधे कुठेतरी.

हा जमिनी विकत घेण्याचा.
नको. चार तास चालतो,
आणि गेल्या खेपेला लेम्बित नि त्याचा मेहुणा
कागदी नोटांवरून जे पेटले
ते थेट खऱ्या कुंपणापर्यंत गेले.

हा जग जिंकण्याचा.
यात आधी हरणारा आधी उठतो,
खिडकीशी जाऊन उभा राहतो,
पाठीमागे हशा, समोर काळोख.
तेवढं तर इथे प्रत्येकाला घरीच मिळतं.
नको.

हा प्रश्नोत्तरांचा. यात शाळेच्या बाई जिंकतात.
दर वर्षी त्याच.
आता त्यांनाच त्याची लाज वाटते.

बुद्धिबळ म्हणजे दोघांनी मिळून गप्प बसणं.
ते कोपऱ्यातल्या टेबलावर मांडून ठेवते,
ज्यांना बोलायचंच नसतं त्यांच्यासाठी.
अशीही माणसं येतात. यावीत.

मला हवाय असा डाव
ज्याचे नियम कॉफी निवायच्या आत सांगून होतील,
चष्मा घरी राहिला तरी चालेल,
हरलेला बाकावरच बसून राहील
आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागून चुकीचे सल्ले देईल.
ज्यात कुणी लिंबूटिंबू नसेल,
किंवा असतील तर सगळेच, पाळीपाळीने.

चित्र काढून ओळखायचा: घेते.
टोपी डोळ्यांवर ओढून बसणाऱ्या रास्मुसने
मागच्या हिवाळ्यात गाय काढली होती.
कुणी म्हणालं स्टोव्ह, कुणी म्हणालं आमचे पाद्री.
तेव्हा पहिल्यांदा कळलं,
पोराचे पुढचे दोन दात अगदी त्याच्या आजीचे आहेत.

लाकडी ठोकळ्यांचा मनोरा.
इथे हात थबकतो.
आडोआजोबांचे हात आठवतात,
चमच्यातलं सूप ओठांपर्यंत निम्मंच पोचतं.
खोका मागे सरकवते. पुढे ओढते.
पुन्हा मागे, जुन्या मासिकांच्या आड.

शनिवार.
स्टोव्हवर ओले मोजे, टेबलावर वेलदोड्याचा पाव.
आजोबा आले ते कोट न काढता
सरळ कपाटाशी. ‘मनोरा कुठाय?’
‘ठोकळे हरवलेत वाटतं,’ मी म्हटलं,
आणि कान गरम झाले माझे.
त्यांनी मासिकं बाजूला केली.

‘एक भिडू पाहिजे. हात न हलणारा.’
केर्तूने पावाचे हात फ्रॉकला पुसले.

साठ वर्षं होड्या बांधलेला माणूस
मान तिरकी करून मनोऱ्याभोवती फिरला,
एक फेरी, सावकाश, कोटासकट.
‘तो नको, त्याच्यावर भार आहे.
तोही नको. हां, तो बघ,
नुसता उभाय, काम काहीच करत नाही.’
केर्तूने जीभ बाहेर काढली
आणि ठोकळा असा ओढला
जसा झोपलेल्याच्या उशीखालून चष्मा.

मग भोवती माणसं जमत गेली.
बुद्धिबळवालेसुद्धा उठून आले
आणि बोलले.
लेम्बित म्हणाला, दोघांनी मिळून खेळणं म्हणजे रडीचा डाव,
मग त्यानेही मेहुण्याला हाक मारली,
‘ये रे, डोळे तुझे, हात माझे.’

मनोरा कुणी पाडला यावर अजून एकमत नाही.
शिंक होती, शेपूटही होती.

रविवारी खोका बंद करताना
झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवलं:
ठोकळे त्रेपन्न.
चोपन्नावा हेल्गीच्या कुत्र्याकडे, चावलेला.
दोघांत एक भिडू.