ऐंशी नंबरचा कण

आमच्या घरात सात पिढ्या तांबं ठोकलं.
लष्करात छावणी पडली, तेव्हा ऐरणीसकट आलो म्हणतात.
अण्णांनी मात्र काच धरली,
आणि काचेला घण चालत नाही.

मुंबईच्या कुठल्याशा कबाड्याकडून
गोणपाटात गुंडाळून आणलेल्या
जहाजाच्या दोन खिडक्या, आठ आठ इंची.
समुद्र न पाहिलेल्या आमच्या माळ्यावर
वाळू भरलेल्या पिंपावर त्या ठेवल्या,
एक उताणी, एक पालथी,
मध्ये पाणी आणि चिमूटभर पूड.

सहा घासे, मग पिंपाभोवती एक पाऊल.
सहा घासे, एक पाऊल.
आई म्हणायची, देवळात कधी इतक्या घातल्या नाहीत.
आधी खर्र, मग सर्र, मग नुसताच ओला श्वास;
आवाज मेला की नवी चिमूट.
वरची खोल होत जाते, खालची फुगत जाते.
खोल म्हणजे केवढी?
जुन्या आठ आण्याच्या नाण्याच्या जाडीएवढी.
त्यात एक हिवाळा गेला.

होळीच्या सुमाराला पॉलिश चालू होतं,
राळेच्या गादीवर लाल पूड.
मी जिना चढून आले, अनवाणी,
आणि माझ्या परकराच्या काठात बसून
ऐंशी नंबरचा एक कण आला.

कर्र.

अण्णांनी तबकडी उचलली, खिडकीकडे धरली.
बोटभर ओरखडा.
मला वाटलं, आता बसते थोबाडीत.
म्हणाले, पाय धुऊन ये.
आणि खाली चहा सांग.

रात्री डब्यात दिवा, डब्याला सुईचं भोक,
साडेदहा फुटांवर आरसा, डोळ्यापुढे दाढीचं पातं.
पात्यानं उजेड कापला की
गुळगुळीत काचेवर डोंगर-दऱ्या उठतात,
केसाच्या पाचशेव्या भागाइतके उंच डोंगर.
मघाशी अंगठा टेकला तिथं टेकडी.
ती बसायला वीस मिनिटं.
थांब, निवू दे,
हे अण्णांचं घरातलं सर्वांत लांब भाषण.

एकदा आईनं आरशापुढे हात धरला.
तिच्या पाच बोटांतून तलम धूर
वर वर जाताना दिसला.
काय हो हे?
तुझी ऊब, अण्णा म्हणाले,
आणि पातं बाजूला ठेवून बराच वेळ बघत राहिले.

नळी जोडली तेव्हा आभाळात धूळ, वैशाखातली.
तारा एक दिसेना.
मग दिवसा, जुन्या ग्वाल्हेरात मामाच्या गच्चीवरून
किल्ल्याच्या भिंतीवरची निळी बदकं पाहिली,
उलटी, पाय वर करून पोहणारी.
अख्खी गल्ली रांगेत.
शनी त्यानंतर पंधरा दिवसांनी आला,
पण मामी अजून बदकांचंच सांगते.

ओरखड्याचं मी विचारलं ते लग्न ठरल्यावर.
तो होय, म्हणाले,
उजेडाला ओरखडा चालतो गं.
बाक चुकलेला चालत नाही.

चांदी तीन-चार वर्षांत काळवंडते.
आता मीच करते, मोरीत, दार लावून:
जुनी उतरवायची, काच धुवायची,
सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, साखर.
पाणी आधी चहासारखं, मग चिखलासारखं,
आणि त्या चिखलाखालून
माझंच तोंड वर येतं, मोठं झालेलं,
गालावरून तो ओरखडा.

काल आरसा गच्चीवर नेला.
ध्रुव किल्ल्याच्या वर होता, कुठं जाणार.
शेजारची पोरं डोळा लावायला भांडत होती.
काचेत अजून माझ्या हातांची ऊब होती.
म्हटलं, थांबा.
निवू दे.