सोळा, दोन घरांत

येमूल मास्तरांनी जेकार्डचे ग्राफ काढायचं सोडलं
त्याला सहा वर्षं झाली.
डिझाइन आता कॉम्प्युटरवर जातं.
चादरीवरचे मोर गेले,
चौकटीच्या कागदाचा गठ्ठा मागं उरला.
म्हणून काही घरं काळी करतात, काठाला बेरजा लिहितात
आणि दुपारी दाजी पेठेत आमच्या ओट्यावर येऊन टेकतात,
जिथं मांडीवर सूप घेऊन मी बिड्या वळते.

"सोळा, दोन घरांत. एक ते नऊमधले आकडे."
आठ नि आठ, मी म्हणाले.
"वेगवेगळे हवेत, राजव्वा."
मी मोजायला लागले. माझी मोजणी तेलुगूत चालते,
ओकटी, रेंडू, मूडू,
हिशोब मराठीत,
आणि चुकलं की शिवी कन्नडमध्ये.
नऊ नि सात.
"आता उभ्या ओळीत सतरा. तिथंही दोनच घरं."
नऊ नि आठ. दुसरं काही होतच नाही.
"मग आडवी नि उभी जिथं भेटतात, त्या घरात कोण?"

दोरा बोटाला तसाच राहिला.
साताला उभीत जागा नाही.
आठाला आडवीत नाही.
नऊ!
कुणी सांगितला नव्हता, कागदावर कुठं नव्हता,
तरी होताच तिथं,
पान कापायच्या आधी
त्यातली शीर असते तसा.
चौथीपर्यंत शिकले मी. पंचवीसच्या जुडीपुढं
आकड्याशी माझं कधी बोलणंच झालं नव्हतं.

सुरुवातीला मी अंदाजानंच भरायची.
सगळं छान जमत यायचं, आणि शेवटच्या घराशी
दोन पाच एकाच ओळीत,
भांडलेल्या जावांसारखे.
रबर द्या, म्हणाले.
"रबर नाही. परत आखतो."
पट्टी लावून, एकेक रेघ, सावकाश.
तेवढ्यात माझ्या वीस बिड्या वळून व्हायच्या,
आणि लाज वाटायची ती वेगळीच.
"कारण सांगता येत नाही तो आकडा लिहायचा नाही.
बरोबर असला तरी नाही."
बरोबर असला तरी?
त्या रात्री भाकरी थापताना मी यावर मास्तरांशी मनात भांडले.

मग एका शनिवारी मुनशीनं
माझ्या हजारातल्या साठ छाट काढल्या,
नेहमीसारख्या, मूठ भरून, दुसरीकडं बघत.
माझ्या तोंडून गेलं, कारण सांगा.
"कसलं कारण?"
हिचं. झालं, आता हिचं. आता हिचं.
मागं बायकांची रांग थांबली.
तीन बिड्यांपर्यंत सांगितलं त्यानं, चौथीला चिडला,
आणि बारा माझ्याकडं परत सरकवल्या.
बाराच. बाकीच्या अठ्ठेचाळीस गेल्या.
घरी येऊन मास्तरांना यातलं काही बोलले नाही.

परवाच्या कोड्यात खालच्या कोपऱ्याला चार घरं उरली.
आडव्या दोन्ही ओळी चार,
उभ्या दोन्ही चार.
वर एक-तीन, खाली तीन-एक.
नाहीतर वर तीन-एक, खाली एक-तीन.
दोन्ही बसतंय ओ, मास्तर.
"बसत नाही."
बसतंय, बघा की.
चष्मा काढला. पुसला. घातला.
कागदाकडं बघत बसले,
मग चहा न घेता गेले.

दोन दिवस ओटा मोकळा.
तिसऱ्या दिवशी आले ते नवा कागद घेऊन.
"चाळीस वर्षं चादरीचे ग्राफ काढले.
एक घर चुकलं तर मोराची मान वाकडी.
हे कसं सुटलं माझ्याकडून?
घे, आता एकच उत्तर येतं."
एकच आलं. जुड्या बांधायच्या आधीच सुटलं.

जुना कागद मी तंबाखूच्या डब्यात ठेवलाय,
त्या चार घरांसकट, कोरा.
दोरा संपला की काढते,
कधी एक-तीन म्हणून बघते,
कधी तीन-एक.
पेन्सिल सुपातच असते.
लिहीत नाही.