चार दशांश

कागदावर होतं अठरा पूर्णांक चार चौरस मीटर.
मी मोजले, भरले अठरा.
लुत्सिनाबाईंना म्हणालो, चार दशांश कुणीतरी खाल्ले.
त्या म्हणाल्या, भिंतीत असतील. शोधा.

म्हणून आधी भिंत खरवडली.
वॉलपेपरचे पाच थर,
निळी गलबतं, त्याखाली तपकिरी चौकटी,
त्याखाली काय होतं ते ओळखू येईना,
आणि सगळ्यांत तळाला जुनं वर्तमानपत्र:
गदिन्या बंदरात दाट धुकं, बोटी उशिरा.
तेवढा तुकडा बाईंनी कापून मागितला.
बाकीचं पोत्यात भरून खाली नेलं,
चार मजले, लिफ्ट नाही,
सत्तावीस पोती.
एवढ्याशा खोलीतून इतकं निघतं
तर माणसातून किती निघेल,
असलं काही मी बोलत नाही. मी सुतार आहे.

पलंग भिंतीत दुमडणारा केला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे फ्रिज उघडायचा तर
पसरलेले पाय जवळ घ्यावे लागतात.
ओटा म्हणजे शेगडी आणि वर एक वीत.
त्या वितीवर कांदा चिरायचा,
तिथेच विजेच्या बिलाचा हिशेब.

अडलं ते टेबल.
ओकचं, आठ माणसांचं.
नवऱ्याच्या वाट्याला गाडी गेली, यांच्या वाट्याला हे.
जिन्याच्या दुसऱ्या वळणावर असं रुतलं
की ना वर, ना खाली.
तिथेच पायरीवर बसून त्या म्हणाल्या, कापा.
कुठे?
त्यांनी कडेवरून हात फिरवला,
इस्त्रीच्या एका काळ्या डागापाशी थांबल्या.
हा माझ्याकडे राहू दे. याच्या पुढून.

भुसा तळमजल्यापर्यंत उडाला.
उरलेल्या लाकडाची दोन फडताळं झाली,
खिडकीची फळी झाली,
आणि तरी एक पाय उरला, तो माझ्याकडे आहे.

खुर्ची एकच पुरे, मी म्हणालो,
दुसरी ठेवलीत तर दार अर्धंच उघडेल.
अर्धं उघडू दे.
मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे
एक ताट जास्तीचं मांडतात,
वाट चुकून कुणी आलंच तर.
कुणी येत नसतं.
माझ्या आईने जन्मभर मांडलं, जन्मभर धुऊन ठेवलं.
पण ताटाला खुर्ची लागते, बाई म्हणाल्या.
घडीची करून दिली, खुंटीला टांगायची.

नाताळला कुणी आलं नाही.
मी विचारलं नव्हतं. फोनवर त्याच म्हणाल्या,
बाकी सगळं मावलं.

फेब्रुवारीत पुन्हा फोन.
न्हाणीतलं पाणी खाली झिरपतंय,
खालचे इरेनेउश भांडायला वर आलेत, लवकर या.
बर्फातून पेटी ओढत पोचलो.
दार अर्धंच उघडलं.
फटीतून आधी दिसली ती रिकामी खुंटी,
मग इरेनेउश, जहाजावरचे जुने आचारी,
गुडघे फ्रिजला टेकलेले,
समोर बीटाचं सूप, मीठ कमी आहे म्हणून तक्रार,
आणि छतावर केवढा डाग पडलाय ते दाखवताना
कोपर दर वेळी कपाटावर आपटत होतं.
एवढाच? बाई म्हणाल्या,
आणि बशी सरकवून टेबलावरचा आपला दाखवला.

गळती, मी म्हणालो.
खाली बादली लावलीय. तुम्ही आत या.
आत कुठे?
पेटी जमिनीवर ठेवली, तिच्यावर बसलो,
वाडगा मांडीवर.
कुणी हललं तर तिघांनाही हलावं लागे.

खालच्या घरात ठिबक चालूच होती,
फळ्यांमधून स्पष्ट ऐकू येत होती.
सूप संपेपर्यंत मी मोजत बसलो,
मिनिटाला अकरा थेंब.
वॉशर मीच जुना बसवला होता.
ते काही मी लगेच सांगितलं नाही.